पत्त्याची पाठ

बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात माझे नेटरनरचे पत्ते असतात. सगळे पालथे करून सतरंजीवर पसरले की खेळाच्या तीन पिढ्या दिसतात. १९९६ चे जेमतेम तीसेक पत्ते आहेत, मावसभावाने अमेरिकेहून आणलेले. त्यांची पाठ एक. २०१२ पासूनच्या पत्त्यांची पाठ दुसरी. २०१९ नंतरचे पत्ते तिसऱ्याच पाठीचे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. त्याने खोकं उघडलं आणि लगेच विचारलं, "मावशी, खेळ एकच, मग पत्ते मागून वेगळे का गं?" मी म्हटलं, छापणारे बदलत गेले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आता नियम कोण ठरवतं?"

त्याच आठवड्यात मी नेटरनरचे नियम मराठीत लिहून काढायला बसले. तीच ही पुस्तिका. नियम भराभर लिहून झाले. त्याच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन वाक्यांत मावेना, म्हणून ही प्रस्तावना.

आपण ज्या पत्त्यांवर लहानाचे मोठे झालो, तिथे असा प्रश्न कधी आला नाही. मेंढीकोट कुणाच्या मालकीचा नाही. झब्बू, बदाम सात कुणी छापून विकलेले नाहीत. आमच्या आजोळी मेंढीकोटात हुकूम ज्या रीतीने फोडत, ती रीत शेजारच्या गावात चालत नसे, आणि भांडण झालंच तर ओसरीवरचे आजोबा निकाल देत. कॅट कुठल्याही कंपनीचा चाले. किलवरची सत्ती हरवली तर जोकरवर पेनाने तसं लिहायचं आणि पुन्हा पिसायला घ्यायचं. बावन्न पत्त्यांत सगळं आलं, बाहेरून काही यायची वाट बघायची नाही.

जमवायच्या पत्त्यांचा खेळ या बाबतीत फार परावलंबी आहे. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने 'मॅजिक: द गॅदरिंग' रचला, सिएटलजवळच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हाच्या लहान कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला, तिथून हा प्रकार सुरू झाला. यात प्रत्येक खेळाडू आपापला कॅट घेऊन येतो. शेकडो निरनिराळ्या पत्त्यांतून वेचून तो बांधलेला असतो. पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो आणि तो पुष्कळदा मूळ नियमालाच छेद देतो. दोन पत्त्यांचे नियम एकमेकांना भिडले तर कुणाचा वरचढ, हे सांगायला कुणीतरी लागतं. एखादा पत्ता इतका जड पडला की त्याच्यापुढे दुसरं काही चालेना, तर त्याला आवर घालायला कुणीतरी लागतं. आणि दर काही महिन्यांनी नवे पत्ते लागतात, कारण तोवर जुन्यांची सगळी गणितं लोकांनी सोडवून टाकलेली असतात. पुस्तकाच्या प्रकाशकाने गाशा गुंडाळला तरी आपल्या कपाटातलं पुस्तक अपुरं होत नाही. इथला प्रकाशक मात्र टांकसाळही असतो आणि पंचही. तो उठून गेला की हातात पत्ते राहतात, पण त्यांच्या भोवतीचा खेळ हळूहळू आटत जातो.

नेटरनरही गारफील्डचाच. १९९६ च्या एप्रिलमध्ये विझर्ड्सने ३७४ पत्त्यांचा पहिला संच काढला. खेळ दोघांचा, पण दोघांचे पत्ते वेगळे, चाली वेगळ्या, जिंकायच्या वाटाही वेगळ्या. एक जण बलाढ्य कॉर्पोरेशन होतो, खेळाडूंच्या तोंडी कॉर्प. दुसरा तिच्या संगणकांत घुसणारा रनर. कॉर्प आपले पत्ते पालथे मांडते. त्यांतले काही अजेंडे, म्हणजे तिची गुपितं, काही नुसते सापळे. त्यांच्यापुढे आडवे मांडलेले आइसचे पत्ते म्हणजे पहारा. रनर त्या पालथ्या पत्त्यांकडे बघतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि ठरवतो, आत शिरायचं की नाही. सात गुणांचे अजेंडे आधी ज्याच्या पदरात पडतील तो जिंकला. रनरला इजा झाली की तेवढे पत्ते हातातून टाकावे लागतात, आणि टाकायला हातात पुरेसे नसले की तो मेला. मी बरेच खेळ खेळले आहे. न बोलता समोरच्याला इतकं ओळखायला लावणारा दुसरा खेळ मला भेटलेला नाही.

पाठीचं महत्त्व इथे येतं. हा खेळच पालथ्या पत्त्यांचा. सापळा कुठला आणि गुपित कुठलं, हे पाठीवरून कळता कामा नये. छापणारा बदलला, रंगाची एक छटा हलली, की डाव उघडा पडला. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांचे पत्ते एकत्र खेळताना सगळ्यांना एकसारखी, मागून अपारदर्शक अशी प्लास्टिकची पाकिटं चढवावी लागतात. आमच्याकडे कॉर्पला काळी, रनरला निळी.

त्या पहिल्या आवृत्तीत एक गोष्ट होती, तिचं वजन मला फार उशिरा कळलं. खेळाची रचना विझर्ड्सची होती, पण त्यातलं जग उसनं होतं. माइक पॉन्डस्मिथ यांच्या 'सायबरपंक'मधलं, आर. टॅल्सोरियन गेम्सकडून परवान्यावर घेतलेलं. म्हणजे जमीन एकाची, घर दुसऱ्याचं. त्याच वर्षी 'प्रोटियस' नावाची १५४ पत्त्यांची पुरवणी आली, १९९९ मध्ये 'क्लासिक' ही आणखी लहान पुरवणी, आणि त्यानंतर काहीच नाही. ज्यांच्याकडे पत्ते होते ते खेळत राहिले, जोडीदार मिळेल तसे.

२०१२ मध्ये मिनेसोटातल्या फँटसी फ्लाइट गेम्सने विझर्ड्सकडून परवाना घेऊन हा खेळ पुन्हा उभा केला. लुकास लिट्झसिंगर यांनी त्याची नवी मांडणी केली. आता खेळाची रचना परवान्यावरची आणि जग फँटसी फ्लाइटच्या घरचं, त्यांच्याच २००८ च्या 'अँड्रॉइड' या पटावरच्या खेळातलं. नाव झालं 'अँड्रॉइड: नेटरनर'. सायबरपंकमधली पात्रं गेली, हास-बायोरॉइड, जिंतेकी, एनबीएन आणि वेलंड अशा चार कॉर्प आल्या, रनरचे तीन गट आले. खेळातल्या पैशाचे 'बिट' होते त्यांचे 'क्रेडिट' झाले. लिट्झसिंगर यांनी घातलेली सगळ्यांत मोलाची भर पत्त्याच्या खालच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या रूपात दिसते. दुसऱ्या गटाचा पत्ता आपल्या कॅटमध्ये घ्यायचा तर त्यावरच्या ठिपक्यांएवढी किंमत मोजायची, आणि एकूण किती ठिपके चालतील याला मर्यादा. या एका नियमाने कॅटला स्वभाव आला. १९९६ चा खेळ हुशार होता, २०१२ चा हुशार आणि देखणा, असं माझं मत आहे आणि ते मी जुन्या खेळाडूंपुढेही मांडते.

पण त्यांचं दुःखही समजून घ्यायला हवं. सोळा वर्षं जपलेल्या त्यांच्या पत्त्यांतला एकही नव्या खेळात उपयोगाचा राहिला नाही. खेळ परत आला आणि त्यांच्या खोक्यासह त्यांना दाराबाहेर ठेवून गेला.

विक्रीची तऱ्हाही पालटली. पूर्वी बंद पाकीट घ्यायचं आणि आत काय निघेल ते नशीब. दुर्मीळ पत्ता हवा तर पाकिटांवर पाकिटं फोडा, नाहीतर कुणाशी अदलाबदल करा. फँटसी फ्लाइटने ते मोडून काढलं. त्यांच्या पाकिटात ६० पत्ते, २० प्रकार, प्रत्येकी तीन. आत काय आहे ते आधीच जाहीर. कॅटमध्ये एका पत्त्याच्या तीनच प्रती चालतात, म्हणजे एक पाकीट घेतलं की काम झालं. किंमत १४.९५ डॉलर. या शिस्तीला पहिल्या मूळ खोक्यातच अपवाद होता. त्यात काही पत्त्यांची एकेकच प्रत होती, त्यामुळे गंभीरपणे खेळणाऱ्यांनी तेच खोकं दोनदा, तीनदा घेतलं. तरीही माझ्यासारख्या पगारी माणसाला हा खेळ परवडला तो या बदलामुळेच. सोडतीसारखी पाकिटं असती तर इथे बसून, कस्टम भरून, मी कधीच या वाटेला गेले नसते. जमवण्याची नशा कमी झाली हे खरं. ज्यांना ती नशाच प्रिय होती ते लोक या खेळाकडे वळले नाहीत. प्रकाशक बदलला की टेबलाभोवतीची माणसंही बदलतात, ती अशी.

आणि मग २०१५-१६ मध्ये सहा पाकिटांची एक मालिका आली. ती माझ्या टेबलावर पोचली तो दिवस मला अजून आठवतो. पहिल्या पाकिटाचं नाव 'काला घोडा'. चौथ्याचं 'सॅलसेट आयलंड'. मी बोरिवलीत राहते. सॅलसेट म्हणजे आमचं साष्टी, पोर्तुगिजांच्या जिभेवर वळलेलं. म्हणजे मी साष्टीवर बसून साष्टीचं पाकीट फोडत होते. मालिकेतली कथा मुंबाड नावाच्या, भविष्यातल्या भारतीय महानगरात घडते. प्रतिमानवांना, म्हणजे क्लोनना, हक्क द्यायचे की नाही यावरून तिथे राजकारण पेटलेलं. 'मुंबा टेम्पल' नावाचा एक पत्ता आहे, तो कॉर्पला आपले पालथे पत्ते उताणे करायला दर पाळीला दोन क्रेडिट देतो. परदेशातल्या खेळाडूंना तो एक भारी पत्ता वाटला. मला त्यावर बोट ठेवून आईला दाखवावंसं वाटलं, आणि मी दाखवला. मुंबादेवीचं नाव तिने इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं.

२०१८ च्या ८ जूनला फँटसी फ्लाइटने जाहीर केलं, की विझर्ड्सबरोबरचा परवान्याचा करार संपतो आहे आणि २२ ऑक्टोबरनंतर खेळाची विक्री थांबेल. 'रेन अँड रेव्हरी' हा शेवटचा संच. सहा महिन्यांपूर्वीच सुधारून काढलेलं मूळ खोकं लोकांनी नव्या उमेदीने घेतलं होतं, मीही घेतलं होतं. बातमी आल्यावर एका विक्रेत्याकडे मी उरलेल्या चार पाकिटांचे पैसे भरून ठेवले. आठवड्याने त्याने ते परत केले आणि तीच पाकिटं दुपटीने विकायला लावली. तो व्यवहार होता हे मला कळतं. पण त्या आठवड्यात मला पहिल्यांदा जाणवलं, की खेळाचा पत्ता आणि बाजारातला माल ही एकाच कागदाची दोन रूपं आहेत, आणि प्रकाशक गेला की दुसरं रूप पहिल्याला गिळायला बघतं.

आता रचना आणि जग यांच्यातला तो सांधा नीट बघण्यासारखा आहे. खेळाची रचना विझर्ड्सकडे. अँड्रॉइडचं जग, चित्रं, मुंबाड, साष्टी हे सगळं फँटसी फ्लाइटकडे. करार संपला तेव्हा एकाकडे जगाशिवाय खेळ उरला आणि दुसऱ्याकडे खेळाशिवाय जग. माझ्या खोक्यातला 'मुंबा टेम्पल' जसाच्या तसा पुन्हा छापण्याचा पुरता अधिकार दोघांपैकी एकट्याकडे नव्हता. पत्ते बरोबर त्या दोन मालकींच्या फटीत पडले. मला वाटतं, अशा खेळांच्या इतिहासात माणसं विक्रीचे आकडे बघतात आणि करार बघत नाहीत. खेळ पुष्कळदा कराराच्या तारखेला मरतो.

सगळीकडे असं घडत नाही. पोकेमॉनचे पत्ते अमेरिकेत १९९९ पासून विझर्ड्सच छापत होती. २००३ मध्ये तो हक्क पोकेमॉनच्या मूळ मालकांकडे परत गेला. विझर्ड्सचा शेवटचा संच 'स्कायरिज' मे महिन्यात आला आणि त्याच वर्षी नव्या घरातून पुढचा संच निघाला. त्यावरून ऑक्टोबरमध्ये विझर्ड्सने न्यायालयात दावाही लावला आणि तो पुढे आपसात मिटला. पण टेबलावरच्या मुलांच्या दृष्टीने पिकाचू तोच होता. तिथे भाडेकरू गेला आणि घरमालक राहायला आला, दिवा विझलाच नाही. दुसरं उदाहरण 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'चं. १९९४ मध्ये विझर्ड्सने तो 'जिहाद' या नावाने काढला आणि पुढच्याच वर्षी नाव बदललं. नावाबरोबर पाठ बदलली, आणि तेव्हापासून तिथेही अपारदर्शक पाकिटं आली. २००० मध्ये तो व्हाइट वुल्फकडे गेला, २०१० मध्ये बंद झाला. त्यानंतर खेळाडूंच्या संघटनेने स्पर्धा चालू ठेवल्या आणि २०१८ मध्ये ब्लॅक चँट्रीने परवाना घेऊन छपाई पुन्हा सुरू केली. आठ वर्षं अंगणात शेकोटी धरून बसलेल्या त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

नेटरनरच्या खेळाडूंनी तेवढीही वाट पाहिली नाही. २०१८ संपायच्या आत निसेई नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. नफा घ्यायचा नाही, नवे पत्ते रचायचे, जुन्यांची बंदीयादी सांभाळायची, स्पर्धा भरवायच्या. २०१९ मध्ये त्यांचा 'डाउनफॉल' आला, २०२१ मध्ये नवशिक्यांसाठी 'सिस्टम गेटवे'. २०२२ मध्ये गटाने नाव बदलून नल सिग्नल गेम्स केलं. अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर लेखनहक्क मिळत नाही. चित्रावर, मजकुरावर मिळतो, नावावर व्यापारचिन्ह मिळतं. जमवायच्या पत्त्यांच्या खेळपद्धतीवर विझर्ड्सने १९९७ मध्ये पेटंटही मिळवलं होतं, पण पेटंटला मुदत असते. या गटाने नवी चित्रं, नवा मजकूर, नवी पाठ तयार केली, आणि मूळ कंपन्यांशी आपला संबंध नाही हे स्पष्ट लिहिलं. पत्ते मागवता येतात, आणि घरी छापायच्या प्रती फुकट मिळतात.

त्या फुकट प्रतींवर आमचं सगळं चालतं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जायचं. ए-फोर कागदावर नऊ पत्ते बसतात. छापताना 'पानात बसवा' असं काही निवडायचं नाही, नाहीतर पत्ता दोन-तीन मिलिमीटरने आखडतो. रुंदी ६३ मिलिमीटर आणि उंची ८८ भरली पाहिजे, मी पट्टी बरोबर नेते. मग कटर, आणि कापलेला कागद पाकिटात सरकवायचा. नुसता कागद लिबलिबतो, पिसता येत नाही, म्हणून त्याच्यामागे साध्या पत्त्यांच्या जुन्या कॅटमधला एक पत्ता घालायचा. भाच्याने परवा हे सगळं माझ्याशेजारी बसून केलं. त्याच्या रनरच्या एका प्रोग्रॅममागे इस्पिकचा गुलाम आहे, दुसऱ्यामागे बदामाची दश्शी. आजोळचा मेंढीकोटचा कॅट होता तो, कडा मऊ झालेल्या, तेलकट बोटांनी पिवळट पडलेला.

हे सांगताना जे गेलं ते झाकायचं नाही. दुकानांना विकायला माल उरला नाही, तेव्हा दुकानांनी टेबलं दुसऱ्या खेळांना दिली, आणि नवा माणूस सहज बघता बघता या खेळात ओढला जायचा, ते दार बंद झालं. स्वयंसेवक थकतात, नोकऱ्या बदलतात, मुलं होतात. मुंबाडसारखी भव्य चित्रमालिका काढायला जो पैसा लागतो तो सहजासहजी जमत नाही. आणि प्रकाशक होता तेव्हा निदान कुणावर तरी रागावता यायचं. आता चुकीची बंदी घातली तर रागावायचं कुणावर, तर रात्री जागून ती यादी करणाऱ्या आपल्यासारख्याच माणसांवर. मला तो राग गिळावा लागला आहे, आणि मला तो गिळायला शिकता आलं याचं बरंही वाटतं.

भाच्याला मी शेवटी जे उत्तर दिलं ते असं. कंपनी होती तेव्हा नियम तिचे होते, कारण पत्ते तिचे होते. आता कुणी सक्ती करू शकत नाही. नल सिग्नलची बंदीयादी आपल्या घरात पाळली नाही तर कुणी विचारायला येणार नाही. तरीही जगभरचे लोक ती पाळतात, कारण उद्या अनोळखी माणसासमोर बसलो तर दोघांना एकच खेळ खेळता यावा. ओसरीवरच्या आजोबांचा निकाल तरी कशावर टिकत होता? ते छापत काही नव्हते. तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनी मानलं म्हणून." मी म्हटलं, हो, आणि मानावं असं ते वागत होते म्हणून.

पुस्तिकेविषयी थोडं. मराठी करताना मी रनर, कॉर्प, आइस, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण इंटरनेटवर जिंतेकी डॉट नेटवर खेळायला बसलात तर तेच कानावर पडतील. तिथे खेळायला पैसे पडत नाहीत आणि पत्तेही लागत नाहीत. बाकी शक्य तिथे आपले शब्द आहेत: उताणा, पालथा, पिसणं, पाळी. उदाहरणं 'सिस्टम गेटवे'तल्या पत्त्यांची घेतली आहेत, म्हणजे कुणालाही ते छापून लगेच बसता येईल. मुंबाडचे पत्ते ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते 'इटर्नल' प्रकारात खेळावेत, तिथे अँड्रॉइडच्या काळातले पत्ते चालतात. १९९६ च्या पत्त्यांसाठी शेवटी एक छोटं परिशिष्ट आहे. ते आज फारशा कुणाला लागणार नाही, पण मावसभावाने आणलेल्या त्या तीसेक पत्त्यांचा मान म्हणून ते लिहिलं.

पान उलटलं की मांडणी सुरू होते. दोघांनी आपापला कॅट पिसून समोरच्याला कापायला द्यावा. प्रत्येकाने पाच पत्ते उचलावेत, पाच क्रेडिट घ्यावीत. पहिली पाळी कॉर्पची.